धातुमळीचे मोल भट्टीच्या तोंडाशी

आयुर्वेदाचा अभ्यास केलेल्या कोणालाही 'मंडूर' हा शब्द अपरिचित नाही. पांडुरोगावर, म्हणजे आजच्या भाषेत रक्तक्षयावर, मंडूर भस्म आणि पुनर्नवा मंडूर ही औषधे वैद्य पिढ्यान्पिढ्या देत आले आहेत. हे मंडूर म्हणजे काय? लोखंड गाळताना भट्टीत उरणारे किट्ट, लोहाराच्या आणि लोहकाराच्या अंगणात पडून राहिलेला कचरा. रसशास्त्राने त्याची प्रतवारीही लावून ठेवली आहे : शंभर वर्षे जुने किट्ट उत्तम, ऐंशी वर्षांचे मध्यम, साठ वर्षांचे कनिष्ठ आणि त्याहून ताजे ते विषासमान. भट्टीतून निघणाऱ्या टाकाऊ पदार्थाचा शोधून, पारखून आणि नियम घालून केलेला असा उपयोग आपल्या परंपरेत फार पूर्वीपासून आहे, ही गोष्ट प्रारंभीच नमूद करावीशी वाटते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. फरक एवढाच की वैद्याला तोळाभर किट्ट पुरते आणि आजच्या एका पोलाद कारखान्यातून ते वर्षाला लाखो टन बाहेर पडते.

या पदार्थाला मराठीत 'धातुमळी' म्हणतात. आपल्या ऊसपट्ट्यात नुसते 'मळी' म्हटले की साखर कारखान्यातली मळी डोळ्यांपुढे येते. म्हणून येथे पूर्ण शब्द वापरला आहे. ओतशाळेतला कामगार सरळ 'स्लॅग' म्हणतो. साखरेची मळीही एकेकाळी डोकेदुखीच होती. मद्यार्काच्या भट्ट्यांनी तिला गिऱ्हाईक मिळवून दिले. धातुमळीची कथा काहीशी तशीच आहे, पण एक महत्त्वाचा भेद आहे. साखरेची मळी टाकीत भरून ठेवली तरी तिचा गुण पुष्कळसा टिकतो. धातुमळीचा गुण मात्र ती भट्टीतून बाहेर पडल्यानंतरच्या काही क्षणांत ठरतो, आणि एकदा ठरला की बदलणे फार खर्चाचे होते. मळीचा ढीग साठवायचा आणि मग त्याचे काय करावे याचा विचार करायचा, हा आपल्याकडचा नित्याचा क्रम म्हणूनच मुळात उलटा आहे.

प्रथम ही मळी येते कोठून ते पाहू. लोहखनिजात लोखंडाबरोबर सिलिका, ॲल्युमिना अशी मातकट द्रव्ये असतात. कोळशाच्या राखेतूनही तीच येतात. ती एकेकटी वितळायला फार मोठे तापमान लागते. त्यांत चुनखडी घातली की मात्र सर्वांचे मिळून कमी तापमानाला वितळणारे मिश्रण होते. म्हणून झोतभट्टीत खनिज आणि कोक यांच्या जोडीने चुनखडी घालतात. सुमारे १५०० अंश सेल्सिअसला तळाशी लोखंडाचा रस जमतो आणि त्याच्यावर, दुधावर साय यावी तशी, ही वितळलेली मळी तरंगते. मळीची घनता लोखंडाच्या निम्म्याहून कमी असल्याने दोन्ही आपोआप वेगळे होतात. मळी ही अशा रीतीने भट्टीतील शुद्धीकरणाचे साधन आहे. ती नसेल तर लोखंडातले गंधक निघणार नाही. एक टन कच्च्या लोखंडामागे साधारणपणे ३०० ते ४०० किलो मळी निघते. आपल्या कोकमध्ये राख जास्त आणि खनिजात ॲल्युमिना जास्त, त्यामुळे भारतीय भट्ट्यांत हा आकडा वरच्या बाजूला झुकतो. तिच्यात मुख्यतः चुना, सिलिका, ॲल्युमिना आणि मॅग्नेशिया असतात. चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल की सिमेंटमध्येही बहुतांशी हीच द्रव्ये असतात, फक्त तेथे चुन्याचे प्रमाण बरेच अधिक असते.

आता त्या काही क्षणांविषयी. साखरेचा पाक संथपणे निवू दिला तर त्यातून खडीसाखरेचे स्फटिक धरतात. तोच घट्ट पाक झटकन थंड केला तर लिमलेटच्या गोळीसारखा काचरूप गोळा होतो. साखर एकच, पण एकीत कणांची शिस्तशीर रचना असते आणि दुसरीत कण जेथे होते तेथेच गोठलेले असतात. धातुमळीचेही तसेच. खड्ड्यात ओतून हवेवर सावकाश निवू दिलेली मळी स्फटिकमय दगड होते. तिची खडी होते, रस्त्याखाली आणि रुळांखाली घालता येते; पण रासायनिक दृष्ट्या ती निद्रिस्त नव्हे, जवळजवळ मृत असते. तीच मळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली सोडली तर क्षणार्धात तिची वाळूसारखी काचकणी होते. या काचेत स्फटिक होण्याची संधी न मिळाल्याने ऊर्जा कोंडलेली राहते, आणि ती दळून चुन्याच्या सान्निध्यात पाण्यात मिसळली की सिमेंटसारखी घट्ट धरते. पाणी बेताचे घातले तर मळी फुगून सच्छिद्र, हलका दगड होतो. वाफेचा किंवा हवेचा झोत मारला तर तिचे तंतू होऊन उष्णतारोधक 'मळीची लोकर' मिळते. एकाच नळातून येणाऱ्या एकाच रसाचे हे चार वेगवेगळे माल आहेत, आणि त्यांच्या किमतीत मोठे अंतर आहे.

काचकणीच्या या गुणाचा शोध १८६२ मध्ये जर्मनीत एमिल लांगेन यांनी लावला. पाण्यात विझवलेली मळी चुन्याबरोबर मिसळल्यास ती घट्ट होते, असे त्यांच्या लक्षात आले. पुढील काही दशकांत जर्मनीत मळीच्या सिमेंटचा मोठा उद्योग उभा राहिला. नुसत्या पाण्यात ही काच फार मंद गतीने विरघळते. तिला जागे करण्यास अल्कधर्मी द्रव्य लागते. सामान्य पोर्टलंड सिमेंट पाण्याशी संयोग पावताना चुना बाहेर टाकते. हा मोकळा चुना काँक्रीटच्या दृष्टीने फारसा उपकारक नसतो, पण मळीला नेमका तोच हवा असतो. एकाचे उच्छिष्ट दुसऱ्याचे अन्न होते, आणि दोघांच्या संयोगातून अधिक दाट, कमी झिरपणारे काँक्रीट तयार होते. आपल्याकडे मळीच्या सिमेंटचे भारतीय मानक, आयएस ४५५, १९५३ पासून आहे. त्याच्या सध्याच्या आवृत्तीनुसार अशा सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के मळी असू शकते.

हा केवळ काटकसरीचा प्रश्न नाही. सिमेंटचा मूळ घटक जो क्लिंकर, तो करण्यासाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांना भाजावी लागते. एक टन क्लिंकरमागे सुमारे ८०० किलो किंवा अधिक कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो आणि त्यातला निम्म्याहून जास्त इंधनातून नव्हे, तर खुद्द चुनखडीतूनच येतो. इंधन कितीही सुधारले तरी हा भाग टळत नाही. मळीमधील चुनखडी मात्र लोखंड करताना आधीच भाजून झालेली असते. जेवढी मळी सिमेंटमध्ये शिरेल तेवढी चुनखडी भाजणे वाचते.

बांधकामाच्या बाजूने पाहिले तर मळीचे सिमेंट घट्ट होताना उष्णता कमी निघते, म्हणून धरणे आणि जाड पाये यांना ते मानवते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातील क्लोराइड त्यातून हळू झिरपतो, त्यामुळे आतल्या सळया उशिरा गंजतात. गोवा-कोकणच्या किनाऱ्यावर घर बांधणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. दोषही सांगितले पाहिजेत. पहिल्या आठवड्यात त्याची ताकद कमी असते, ती नंतर भरून निघते; तोवर पाणी मारण्यात हयगय चालत नाही. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी पाणी मारणे थांबते आणि मग दोष सिमेंटच्या माथी मारला जातो. आणखी एक गंमत म्हणजे फळ्या काढल्यावर असे काँक्रीट कधीकधी हिरवट-निळसर दिसते. मळीतील गंधकाच्या संयुगांमुळे येणारा हा रंग हवेवर काही दिवसांत उडतो. हा रंग पाहून स्लॅब फोडायला निघालेले एक घरमालक माझ्या पाहण्यात आहेत. त्यांना थोपवताना मला तासभर रसायनशास्त्र सांगावे लागले.

मळीचे दुसरे मोठे कुटुंब म्हणजे पोलादाची मळी. कच्च्या लोखंडाचे पोलाद करताना पुन्हा चुना घालावा लागतो आणि टनामागे साधारण १२० ते १८० किलो मळी निघते. ही झोतभट्टीच्या मळीची सख्खी बहीण वाटली तरी स्वभावाने निराळी आहे. तिच्यात चुना जास्त, लोखंडाचे अंश पुष्कळ, आणि मुख्य म्हणजे काही चुना कशाशीही संयोग न पावता मोकळाच राहिलेला असतो. हा मोकळा चुना पुढे पाणी शोषून फुगतो. ताज्या पोलाद-मळीचा भराव घालून वर फरशी केलेली एक गोदामाची जमीन मी पाहिली आहे; दोन पावसाळ्यांत ती ठिकठिकाणी गळवांसारखी वर आली होती. म्हणून अशी मळी उघड्यावर पसरून, पाणी मारून महिनोन्महिने मुरवावी लागते किंवा वाफेने तिचा चुना लवकर भिजवावा लागतो. रसशास्त्राने ताज्या किट्टाला विषासमान म्हटले ते वेगळ्या कारणाने असेल. पण मळी जुनी होऊ द्यावी हा त्यांचा दंडक वाचताना मला ती जमीन आठवल्यावाचून राहत नाही.

पोलाद-मळीचा सर्वांत रम्य इतिहास शेतीशी निगडित आहे, आणि शाळेच्या या पुस्तिकेत तो सविस्तर सांगणे उचित होईल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेसेमरच्या पद्धतीने पोलाद स्वस्त झाले खरे, पण ज्या खनिजात फॉस्फरस असेल त्याचे पोलाद ठिसूळ होई. युरोपातील खनिजांचे फार मोठे साठे या एका दोषाने निरुपयोगी ठरले होते. लंडनच्या पोलीस न्यायालयात कारकुनी करणारा सिडनी गिलख्रिस्ट टॉमस हा तरुण संध्याकाळी बर्कबेक संस्थेच्या वर्गांना जात असे. बेसेमरच्या भट्टीतून जो फॉस्फरस काढून टाकील त्याचे भाग्य उजळेल, असे शिक्षकांनी वर्गात सांगितले, आणि या विद्यार्थ्याने ते मनावर घेतले. त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट वेल्समधील ब्लेनेव्हन येथे लोखंडाच्या कारखान्यात रसायनज्ञ होता. त्याच्या साहाय्याने प्रयोग झाले. बेसेमरच्या भट्टीचे अस्तर सिलिकायुक्त, म्हणजे आम्लधर्मी असल्याने फॉस्फरस मळीत टिकत नव्हता. टॉमसने चुना आणि डोलोमाइट यांचे अल्कधर्मी अस्तर दिले, चुन्याची मळी केली, आणि फॉस्फरस लोखंड सोडून मळीत गेला. १८७९ मध्ये मिडल्सब्रो येथे मोठ्या प्रमाणावर हे सिद्ध झाले. आता ती फॉस्फरसयुक्त मळी बारीक दळली की उत्तम खत होते असे आढळले. 'टॉमस खत' या नावाने ती युरोपभर शेतात पडू लागली. ज्या द्रव्याने पोलाद नासत होते त्यानेच गवत आणि धान्य पोसले. टॉमस १८८५ मध्ये वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी फुप्फुसांच्या विकाराने वारला. पुढे खनिजे आणि पद्धती दोन्ही बदलल्या, मळीतला फॉस्फरस कमी झाला, आणि त्या खताचा काळही सरला.

रस्त्यांची हकीकत याहून छोटी. १९०१ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायरचे सर्वेक्षक एडगर पर्नेल हूली यांना डर्बीशायरमधील एका लोखंडाच्या कारखान्याजवळ रस्त्याचा एक तुकडा गुळगुळीत आणि धूळविरहित दिसला. चौकशीत कळले की तेथे डांबराचे पिंप सांडले होते आणि चिकटा झाकण्यासाठी कोणीतरी भट्टीची मळी टाकली होती. हूली यांनी १९०२ मध्ये या मिश्रणाचे पेटंट घेतले. 'टारमॅक' हा शब्द तेथून आला. अलीकडचे उदाहरण आपल्या शेजारचे, म्हणजे गुजरातेतले आहे. सुरतेजवळ हजिरा येथे केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली मुरवलेल्या पोलाद-मळीचा सुमारे एक किलोमीटर लांबीचा सहापदरी रस्ता बांधून २०२२ मध्ये वाहतुकीस खुला करण्यात आला. मळीची खडी कठीण आणि खडबडीत असल्याने तेथे रस्त्याची जाडी नेहमीपेक्षा कमी ठेवता आली.

मग नफ्याचे गणित कोठे अडते? ते रसायनशाळेपेक्षा मालवाहतुकीत अधिक अडते. मळी जड आणि टनामागे भाव थोडा. शे-दोनशे किलोमीटर ट्रकने नेली की भाडेच मालाला खाऊन टाकते. म्हणून जेथे जेथे हा धंदा जमला आहे तेथे दळणारी गिरणी भट्टीच्या शेजारी आहे, किंवा रेल्वेच्या वाघिणी थेट आवारात येतात. बल्लारीजवळच्या तोरणगल्लूला, रायगड जिल्ह्यातल्या डोलवीला पोलाद कारखान्याला खेटून सिमेंटची गिरणी उभी आहे ती याच कारणाने. दुसरी अडचण कागदाची. निविदेत जे मानक लिहिलेले असते त्याबाहेरचा माल कोणताही अभियंता स्वतःच्या जोखमीवर घेत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. वाळू-खडीचे भारतीय मानक, आयएस ३८३, २०१६ मध्ये सुधारले गेले तेव्हा त्यात लोखंड, पोलाद व तांबे यांच्या मळीला मर्यादा घालून स्थान मिळाले. नदीची वाळू दुर्मीळ झाल्याचा रेटा त्यामागे होता. माझ्या मते मळीच्या उपयोगाला त्या एका कागदाने जी चालना दिली ती अनेक परिसंवादांनी दिली नसती.

लोखंडाखेरीज इतर धातूंच्या मळीबाबत सावधगिरीचा सूर लावणे भाग आहे. तांब्याच्या एका टनामागे दोन टनांहून अधिक काळी, जड, काचेरी मळी निघते. गुजरातेत दहेजला तांब्याचा मोठा कारखाना आहे. जहाजे आणि टाक्या यांचा गंज उडवण्यासाठी पूर्वी वाळूचा मारा करीत. तिच्या धुळीने कामगारांच्या फुप्फुसांना सिलिकोसिस होई. तांब्याच्या मळीत मोकळी सिलिका अत्यल्प असल्याने त्या कामी ती चांगली ठरली. परंतु तिच्यात तांबे, शिसे, आर्सेनिक यांचे अंश असू शकतात आणि फेरोक्रोमच्या मळीत विषारी क्रोमियम. पाण्यात काय काय झिरपते याची चाचणी केल्याविना अशी मळी खाचरात किंवा ओढ्याकाठी भरावाला टाकणे हा उपयोग नव्हे. ती कचऱ्याची जागा बदलणे आहे. ग्रीसमधील लाव्हरियोच्या प्राचीन चांदीच्या खाणींपाशी दोन हजारांहून अधिक वर्षे पडून असलेल्या मळीतून १८६० च्या दशकात एका कंपनीने शिसे गाळून काढले आणि त्या मळीच्या मालकीवरून मोठा राजकीय वादही पेटला. शिसे एवढ्या काळानंतरही तेथेच होते, हे त्यातून दिसते.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे. बेळगावच्या उद्यमबागेत आणि आसपास ओतशाळा पुष्कळ, आणि या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी तेथे मालक, अभियंते किंवा कारागीर आहेत. त्यांच्याकडून नेहमी विचारणा होते की आमच्या स्लॅगचे सिमेंट होईल का. स्पष्ट उत्तर असे की आज आहे त्या रूपात नाही. कुपोला भट्टीच्या मळीत सिलिका चुन्यापेक्षा जास्त असते, म्हणजे ती मुळातच मंद. शिवाय ती जमिनीवर ओतून सावकाश निवते, म्हणजे काच होण्याची संधीही जाते. सिमेंटसाठीच्या मळीत किमान ८५ टक्के काच असावी असे मानक सांगते. प्रत्येक ओतशाळेची मळी थोडी आणि रोज निराळ्या गुणाची असल्याने गिरणीवाला ती घेणार नाही. इंडक्शन भट्टीची मळी तर भंगाराचा गंज आणि त्याला चिकटलेली वाळू यांचीच बनलेली असते. तेथे मळीचा उपयोग शोधण्यापेक्षा भंगार आणि परतीचा माल वाळू झाडून भट्टीत घालणे अधिक किफायतशीर; मळी वितळवायला लागणारी वीज वाचते ती वेगळीच.

तरीही दोन गोष्टी करण्याजोग्या आहेत. कुपोलाच्या मळीत बिडाचे मणी अडकलेले असतात. ती फोडून चुंबकाखालून नेली तर हे बीड परत भट्टीत जाते, आणि बाकीची खडी पेव्हर ब्लॉक किंवा रस्त्याखालचा थर यांसाठी चाचणी करून वापरता येते. दुसरी गोष्ट, कुपोलाच्या मळीच्या तोंडाशी पाण्याचा पन्हळ बसवून ती तेथेच विझवणे. पाणी टाकीतून फिरवून पुन्हा वापरता येते आणि मळीची हाताळायला सोपी काचकणी मिळते. तिच्यात चुना कमी असल्याने ती सिमेंटची जागा घेणार नाही, पण वाळूची काही अंशी घेऊ शकेल. मात्र वितळलेल्या मळीत बीड आले आणि त्याखाली पाणी सापडले तर स्फोट होतो. पन्हळाची रचना जाणत्या माणसाकडून करून घेतल्याखेरीज हा प्रयोग कोणीही करू नये.

यासाठी एका ओतशाळेची मळी पुरणार नाही. दहा-बारा ओतशाळांनी एकत्र येऊन फोडण्याची आणि चुंबकाची व्यवस्था एका जागी करावी लागेल. प्रत्येकाने आपल्या मळीचे महिन्याचे वजन, तिचे रासायनिक पृथक्करण आणि ती फेकण्यास आज पडणारा खर्च एवढे तीन आकडे एका कागदावर मांडले, तर हिशेब कोठवर जातो हे एका बैठकीत कळेल. वापरून झालेल्या साच्याच्या वाळूचा प्रश्न आपल्याकडे मळीहून मोठा आहे. तिचेही वजन त्याच कागदावर लिहावे.